बळी, खंडणी आणि तारण : वधस्तंभापुढे ख्रिस्ती मन

गुड फ्रायडे जवळ आला की ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. 'तुमचा देव ज्या दिवशी मारला गेला, त्या दिवसाला तुम्ही गुड कसे म्हणता?' विचारणाऱ्यांत शेजारी असतात, कार्यालयातले सहकारी असतात. प्रश्नात खवचटपणा क्वचितच असतो, पेच खराच असतो. त्या दिवशी शुभेच्छा द्याव्यात की दुखवट्याला जावे तसे गप्प बसावे, हे त्यांना कळत नाही. काही जण फोनवर 'हॅपी गुड फ्रायडे' असा संदेश पाठवून मोकळे होतात आणि मग आपले काही चुकले का, असेही विचारतात.

शब्दापुरते उत्तर सोपे आहे. जुन्या इंग्रजीत 'गुड' या शब्दाला 'पवित्र' असाही अर्थ होता आणि तो या नावात टिकून राहिला. जर्मन लोक याच दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात, डेन्मार्कमध्ये तो 'लांब शुक्रवार' आहे, पोर्तुगीजांमध्ये 'पवित्र शुक्रवार'. आपल्याकडच्या चर्चमध्ये 'शुभ शुक्रवार' किंवा 'उत्तम शुक्रवार' असे म्हणतात. ही नावे शेजारी शेजारी ठेवली तरी लक्षात येते, की या मरणाविषयी काय वाटावे याबद्दल खुद्द ख्रिस्ती जगाचेही एकमत नाही. शोक, अपराधीपणा, कृतज्ञता, सुटका, लाज, विजय या साऱ्या भावना तिथे आहेत, आणि वेगवेगळ्या काळात वेगवेगळी भावना वर आलेली दिसते.

मी नगर जिल्ह्यातल्या एका प्रॉटेस्टंट कुटुंबात वाढले. वधस्तंभ, खंडणी, तारण, प्रायश्चित्त हे शब्द रोजच्या प्रार्थनेतून कानावर पडत. पुढे जुने मराठी ख्रिस्ती वाङ्मय आणि चर्चचा इतिहास अभ्यासू लागले, तेव्हा ध्यानात आले की बायबलच्या भाषांतरकारांनी निवडलेला यातला प्रत्येक शब्द त्या मरणाचा एक निराळा अर्थ सांगतो आणि त्या अर्थाबरोबर एक निराळी भावना येते. या लेखात ते शब्द एकेक करून तपासायचे आहेत. ती भावना माणसाला कधी उभे करते आणि कधी दुसऱ्याच्या जिवावर उठते, हेही त्यातून पाहायचे आहे.

वधस्तंभ : आधी लाज

कॅथलिक 'क्रूस' म्हणतात, मराठी प्रॉटेस्टंट बहुधा 'वधस्तंभ' म्हणतात. क्रूस हा शब्द आता दागिन्याचाही झाला आहे. गळ्यात सोन्याचा क्रूस घालता येतो. 'मी गळ्यात वधस्तंभ घातला' असे कोणी म्हणत नाही. वध करण्याचा खांब ही त्या वस्तूची खरी ओळख मराठी शब्दाने पुसू दिली नाही.

रोमन साम्राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी होती. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर सुमारे ६,००० बंडखोर गुलामांना रोमकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेने असे टांगण्यात आले. मरण सावकाश यावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते पाहावे, हाच हेतू होता. सभ्य रोमन नागरिकाच्या कानावर या शिक्षेचे नावही पडू नये, अशा अर्थाचे उद्गार सिसेरोने एका भाषणात काढले आहेत. इ.स. ३०च्या आसपास जेरुसलेमबाहेर पंतय पिलाताच्या हुकुमाने येशूला हीच शिक्षा झाली.

त्यामुळे पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या मनात या मरणाविषयी भक्तिभाव उमटण्याआधी लाज आणि धक्का असणार, हे उघड आहे. ज्याला तारणारा म्हणायचे तो गुलामाच्या मरणाने मेला, हे लोकांना सांगायचे कसे? प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ही अडचण लपवलेली नाही. यहुद्यांना हे अडखळण वाटते आणि ग्रीकांना मूर्खपणा, हे तो कबूल करतो. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर सापडलेले एक भिंतीवरचे रेखाटन याचा पुरावाच आहे. त्यात गाढवाचे डोके असलेला एक माणूस वधस्तंभावर दाखवला आहे, समोर एक जण हात वर करून उभा आहे आणि खाली ग्रीकमध्ये अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतो, अशा अर्थाचा टोमणा आहे. येशूच्या मरणाचे जगातले हे सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक, आणि ते टवाळीचे आहे.

ख्रिस्ती लोकांनी स्वतः मात्र हे दृश्य बराच काळ काढलेच नाही. रोमच्या भुयारी दफनभूमीत मेंढपाळ दिसतो, मासा दिसतो, नांगर दिसतो. वधस्तंभावरचे शरीर दिसत नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने ही शिक्षा बंद केली. त्यानंतर, पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात, रोममधल्या सांता सबिना चर्चच्या लाकडी दारावर ते दृश्य कोरले गेले. त्यातही येशूचे डोळे उघडे आहेत आणि चेहऱ्यावर वेदना नाही. डोळ्यांदेखत माणसे खांबावर मरत होती तोवर त्या खांबाकडे भक्तीने पाहणे कठीण होते. ती आठवण बुजली, तेव्हाच ते चित्र सहन होऊ लागले.

खंडणी : सुटकेचा श्वास

येशू आपला जीव पुष्कळांसाठी 'खंडणी' म्हणून देतो, हा शब्द मराठी बायबलमध्ये आहे. आजच्या वाचकाला त्याने वर्तमानपत्रातले गुन्ह्यांचे पान आठवते, इतिहासाच्या वाचकाला पेशवाईतल्या मोहिमा आठवतात. प्राचीन जगात हा शब्द गुलामांच्या बाजारातला आणि युद्धकैद्यांच्या छावणीतला होता. पैसे मोजून माणूस सोडवून आणायचा, असा त्याचा साधा अर्थ. ज्याचा भाऊ किंवा मुलगा असा सुटून आला असेल, त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता.

पण मग प्रश्न येतो, की ही खंडणी दिली कोणाला? पहिल्या काही शतकांत अनेकांनी उत्तर दिले, सैतानाला. माणूस पापामुळे त्याच्या कैदेत होता. चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी तर असे सांगतो, की येशूचे मानवी शरीर हे गळाला लावलेले आमिष होते. सैतानाने ते गिळले आणि आत लपलेल्या देवत्वाच्या गळाला तो अडकला. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे पटले नाही. लुटारूला देवाने स्वतःचीच किंमत मोजावी, हे त्याला घृणास्पद वाटले. आणि पित्याला दिली म्हणावे, तर पित्याने आपल्याला कैदेत ठेवले नव्हते. हा वाद तेव्हा मिटला नाही आणि आजही मिटलेला नाही.

या समजुतीतून आलेली भावना मात्र स्पष्ट आहे. ती सुटकेची आणि विजयाची आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ती आजही सर्वांत ठळक दिसते. तिथल्या पुनरुत्थानाच्या प्रसिद्ध चित्रात येशू मृत्युलोकाची दारे मोडून, पायाखाली तुडवून उभा असतो आणि आदाम व हव्वेला मनगटाला धरून थडग्यातून वर ओढत असतो. ईस्टरच्या मध्यरात्री अंधाऱ्या चर्चमध्ये एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा शेकडो मेणबत्त्या पेटतात. तिथे शुक्रवारचा शोक खोलवर असतो, पण तो या रात्रीकडे तोंड करून असतो. स्वीडनच्या गुस्ताफ आउलेन या धर्मपंडिताने १९३० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात असे मांडले, की चर्चची मूळ समजूत हीच होती, पश्चिमेने ती मागे टाकली.

तारण आणि प्रायश्चित्त : न फिटणारे ऋण

पश्चिमेने तिच्या जागी काय आणले, ते 'तारण' या शब्दाच्या दुहेरी अर्थातून समजू शकते. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे मोक्ष. बँकेत तारण म्हणजे कर्जासाठी ठेवलेली हमी. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे, कारण पश्चिमेच्या विचारात हे मरण कर्जाच्या भाषेत बोलू लागले.

कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने १०९८ मध्ये देव माणूस का झाला, या प्रश्नावरचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा समाज सरंजामी होता. सरदाराचा अपमान झाला तर अपमान केवढा, हे ज्याचा झाला त्याच्या थोरवीवरून ठरे. माणसाने देवाचा मान राखला नाही, तेव्हा ते ऋण अमर्याद झाले. ते फेडायचे कर्तव्य माणसाचे, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही, त्यानेच ते फेडले. सोळाव्या शतकात कॅल्विनने हीच गोष्ट कोर्टाच्या भाषेत नेली. तो कायदा शिकलेला होता. त्याच्या मांडणीत आरोपीला व्हायची ती शिक्षा दुसऱ्याने भोगली.

मराठी बायबलने इथे 'प्रायश्चित्त' हा शब्द वापरला आणि एक पेच उभा राहिला. आपल्याकडे प्रायश्चित्त ज्याचे पाप त्यानेच घ्यायचे असते. दुसऱ्याने माझ्यासाठी उपास केला म्हणून माझे पाप कसे जाईल? एकोणिसाव्या शतकापासून हा आक्षेप मिशनऱ्यांपुढे येत राहिला. तो बाहेरचाच आहे असे मात्र नाही. अँसेल्मनंतर काही दशकांतच आबेलार याने विचारले होते, की निरपराधाच्या रक्ताने देव प्रसन्न होतो, हे क्रूर आणि अन्याय्य नाही काय? त्याच्या मते त्या मरणाने देवाचे मन बदलले नाही, माणसाचे बदलले. इतके प्रेम पाहून माणसाच्या मनात प्रेम जागे झाले.

या आक्षेपाला ख्रिस्ती विचाराने दिलेले उत्तर नीट समजून घेतले पाहिजे, कारण बाहेरून पाहणाऱ्याकडून ते बहुधा निसटते. न्यायाधीशाने कोपऱ्यातला एखादा गरीब धरून त्याला दुसऱ्याची शिक्षा दिली, असे हे चित्र नाही. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे वधस्तंभावर जो आहे तो देवच आहे. ज्याचे येणे आहे तोच देणे देतो. हे उत्तर सर्वांचे समाधान करत नाही. पण एवढे ध्यानात ठेवले नाही, तर या मरणाकडे पाहून लाखो लोकांच्या डोळ्यांत कृतज्ञतेचे पाणी का येते, हे कळत नाही.

या कृतज्ञतेच्या पोटात अपराधीपणा असतोच. बाखची मत्तयकृत शुभवर्तमानावरची संगीतरचना १७२७ मध्ये लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये प्रथम गायली गेली असे मानतात. तिच्यात शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू सांगतो, की तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल. शिष्य गोंधळून एकेक करून विचारतात, 'तो मी का?' लगेच गायकवृंद मंडळीच्या वतीने दोष आपल्या अंगावर घेतो. दगा यहूदाने दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. तरी गाणारे बोट स्वतःकडे वळवतात. या भावनेचे व्याकरण प्रथमपुरुषी आहे. 'मी' आणि 'माझ्यासाठी'. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दुखणारे शरीर : सोबतीची भावना

सांता सबिनाच्या दारावरचा निर्विकार येशू हजार वर्षांत पार बदलला. जर्मनीतल्या कोलोन कॅथेड्रलमध्ये सुमारे ९७० सालचा एक मोठा लाकडी क्रूस आहे. त्यावरचा येशू मेलेला आहे. मान खाली पडली आहे, पोट पुढे आले आहे. पुढच्या काही शतकांत ही वेदना वाढत गेली. १२२४ मध्ये असिसीच्या फ्रान्सिसच्या अंगावर येशूच्या जखमांसारख्या खुणा उमटल्याचे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले. भक्ताला आता ऋण फिटल्याचे समाधान पुरेनासे झाले, ते दुःख स्वतः अनुभवावे असे त्याला वाटू लागले.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ग्र्यूनवाल्डने १५१२ ते १५१६ या काळात इसेनहाइमच्या मठासाठी रंगवलेले वेदीचित्र. ते आज फ्रान्समधल्या कोलमार येथील संग्रहालयात आहे. त्यातल्या येशूची कातडी हिरवट पडली आहे, अंगभर काटे रुतलेले आणि फोड आलेले आहेत, बोटे वेदनेने वाकडी झाली आहेत. हे पाहून किळस येते, असे अनेकांना वाटते. पण तो मठ रुग्णालय चालवीत असे. राय या धान्यावरच्या बुरशीतून होणाऱ्या एका रोगाचे रुग्ण तिथे येत. त्यांच्या अंगाची आग होई, हातपाय सडत, कापावे लागत. असा रुग्ण त्या चित्रासमोर बसला की त्याला आपल्यासारखेच अंग दिसे. त्याला तिथे कर्जाचा हिशेब सुचत नसणार. देवालाही हे झाले आहे, एवढेच त्याला दिसत असणार.

ही भावना विसाव्या शतकात पुन्हा वर आली. युर्गेन मोल्टमन हा जर्मन तरुण १९४३च्या हॅम्बुर्गवरील बॉम्बफेकीत वाचला; त्याच्या शेजारी उभा असलेला मित्र मेला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याने मार्काचे शुभवर्तमान वाचले. देवाने आपल्याला का टाकले, अशी वधस्तंभावरची हाक त्यात आहे. आपल्याला समजून घेणारा कोणी तरी आहे, असे त्याला त्या हाकेतून वाटले. १९७२ मध्ये त्याने याच विषयावर लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला. आमच्या मराठी चर्चमध्ये गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो. हा चौथा उद्गार ज्याच्या वाट्याला येतो, त्याची खरी परीक्षा असते. गुळगुळीत उत्तर देऊन चालत नाही, हे बाकांवर बसलेल्यांना कळते. त्यांच्यात कोणी ना कोणी त्या वर्षी तीच हाक मारलेली असते.

मराठीत या मरणाची गोष्ट पहिल्यांदा विस्ताराने आली ती फादर थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'त. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण राशोलला रोमन लिपीत छापले गेले. ज्या सत्तेने साष्टीतली देवळे पाडली, तिच्याच सावलीत हे पुस्तक लिहिले गेले, हे विसरता येत नाही. तरी जुनी पुराणे हिरावली गेलेल्या लोकांना ओवीच्या ओळखीच्या चालीत ही कथा मिळाली आणि ती चर्चमधून वाचली जाऊ लागली. गोव्यात आजही अनेक गावांत गुड फ्रायडेला येशूची मूर्ती क्रूसावरून हळूच उतरवतात आणि मिरवणुकीने नेतात. घरातले माणूस गेल्यासारखे लोक मागून चालतात.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यानंतर क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरून आपल्या मार्गदर्शक भगिनींशी पत्रातून भांडल्या. अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नकोत, असा त्यांचा सवाल होता. पुढे त्यांनी सगळे बायबल स्वतः सोप्या मराठीत आणले. आपल्या भाषेत नसलेले मरण आपल्यासाठी झाले असे कसे वाटणार, हा त्या भांडणाचा गाभा मला वाटतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या अभंगांत आणि भजनांत कोर्टाची भाषा मागे पडते आणि माउलीची पुढे येते. त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

'त्यांनी' आणि 'तूही' : भावना वाट चुकते तेव्हा

या भावनेचे व्याकरण प्रथमपुरुषी आहे, असे वर म्हटले. ते बदलले की काय होते, हे इतिहासाने दोन प्रकारे दाखवले आहे.

पहिला बदल म्हणजे 'मी'च्या जागी 'त्यांनी'. येशूला आम्ही नाही, यहुद्यांनी मारले. १५६६ मध्ये रोमच्या चर्चने काढलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात उलटच सांगितले होते, की या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षा पाप करणाऱ्या ख्रिस्ती माणसांवर अधिक आहे. पण पुस्तकातला विचार रस्त्यावर पोहोचला नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १०९६ मध्ये, पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स, माइन्झ या शहरांतल्या यहुद्यांची कत्तल केली होती. युरोपात अनेक ठिकाणी पवित्र आठवडा म्हणजे यहुद्यांनी दारे लावून घरात बसायचे दिवस होते. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावात १६३४ पासून येशूच्या मरणाचे नाटक होते. प्लेगच्या वेळी केलेला तो नवस आहे. १९३४ मध्ये ते नाटक हिटलरने पाहिले आणि पुढे त्याची वाखाणणीही केली. यहुद्यांविषयीचा द्वेष त्याला त्यात आयता मिळाला होता.

ही दुरुस्ती व्हायला फार उशीर झाला. १९५९ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून यहुद्यांना लावलेले बेइमानीचे विशेषण काढले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले, की त्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. ओबरआमरगाउच्या नाटकाची संहिताही नंतरच्या दशकांत पुष्कळ बदलली.

दुसरा बदल जास्त जवळचा आहे. 'माझ्यासाठी त्याने सोसले' याच्या जागी 'त्याने सोसले, तूही सोस' असे होते. गुलामांना हे मालकांनी सांगितले. बायकांना आजही सांगितले जाते. माझ्या परिचयातली एक बाई नवऱ्याचा मार असह्य होऊन सल्ला मागायला गेली, तेव्हा तिला प्रत्येकाने आपापला वधस्तंभ वाहायचा असतो, असे सांगून परत पाठवण्यात आले. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या जोआन कार्लसन ब्राउन आणि रिबेका पार्कर यांनी एका निबंधात हाच मुद्दा धारेवर धरला. पित्याच्या इच्छेसाठी मुलाने मुकाट मार खावा, हे आदर्श म्हणून शिकवले तर घरात मार खाणाऱ्यांनी काय शिकायचे, असे त्यांचे म्हणणे होते. १९९३ मध्ये डेलोरेस विल्यम्स यांनी लिहिले, की कृष्णवर्णीय स्त्रियांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या वाटचे कष्ट उपसावे लागले. दुसऱ्याच्या वाटचे दुःख भोगणे हेच तारण, ही शिकवण त्यांना मुक्त कशी करील?

मला हा आक्षेप टाळता येत नाही. त्याला मी देऊ शकते ते उत्तर असे. शुभवर्तमानांत येशू मरण स्वीकारतो, पण मारणाऱ्यांना योग्य ठरवत नाही. चापट मारणाऱ्या शिपायाला तो जाबही विचारतो. शिवाय जो स्वतःला देतो, त्याचे देणे त्याच्या हातात असते. दुसऱ्याने ढकलून दिलेल्या माणसाला त्यागी म्हणणे ही त्याची फसवणूक आहे.

बळी

मराठीत एक शब्द असा आहे, की ज्यात हा सगळा ताण एकवटला आहे. बळी. यज्ञात किंवा जत्रेत देतात तो बळी. 'बळी तो कान पिळी' या म्हणीतला बळी म्हणजे जोरावर. आणि बलिप्रतिपदेला बायका ओवाळताना ज्याचे राज्य मागतात तो बळी म्हणजे सर्वस्व देऊन पाताळात गेलेला राजा.

महात्मा फुले ख्रिस्ती नव्हते, पण 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूकडे बळीराजाच्याच रूपात पाहिले. मिशनऱ्यांनी वर्षानुवर्षे प्रायश्चित्त समजावून सांगितले. फुल्यांनी ते बाजूला ठेवून दीनदुबळ्यांची बाजू घेतल्याबद्दल मारला गेलेला राजा तेवढा उचलला. ऑर्थोडॉक्स चित्रातला दारे मोडणारा येशू त्यांनी पाहिला होता का, कोण जाणे; पण दोन्हीकडची भावना एकाच जातीची आहे.

पुढे शंभरेक वर्षांनी हीच वाट ख्रिस्ती लोकांमधूनच पुन्हा निघाली. १९८१ मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मल यांनी जे भाषण दिले, त्यातून भारतातल्या दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची सुरुवात झाली, असे मानले जाते. भारतातले बहुसंख्य ख्रिस्ती दलित समाजातून आले, पण त्यांच्यापुढे मांडला जाणारा विचार उच्चवर्णीय तत्त्वज्ञानाच्या भाषेत होता, ही त्यांची तक्रार होती. निर्मलांच्या मांडणीत वधस्तंभावरचा येशू स्वतःच दलित आहे. दलित म्हणजे दळलेला, मोडलेला. प्रभुभोजनात पाळक भाकर हातात घेऊन मोडतात, तेव्हा हा शब्द मराठी कानाला निराळा ऐकू येतो. अमेरिकेत जेम्स कोन यांनी २०११ मध्ये असेच लिहिले. तिथे १८७७ ते १९५० या काळात ४,०००हून अधिक कृष्णवर्णीयांना जमावांनी मारले, कित्येकांना झाडाला टांगून. त्या झाडाकडे पाहिल्याशिवाय वधस्तंभ कळणार नाही आणि वधस्तंभाशिवाय त्या झाडाखाली आशा मिळणार नाही, असा त्यांच्या पुस्तकाचा आशय आहे. रोमच्या हमरस्त्यावरच्या ६,००० खांबांची आठवण इतक्या शतकांनी अशी परत आली.

तेव्हा ख्रिस्ती माणसाला या मरणाविषयी काय वाटते? एकाच माणसाला एकाच शुक्रवारी बारा ते तीनच्या दरम्यान यांतल्या दोन-तीन भावना येऊन जातात. लहानपणी मला प्रायश्चित्ताची भीती वाटे. माझ्या एका खोट्या बोलण्यासाठी कोणाला खिळे ठोकले गेले, हा विचार झोप उडवी. खंडणीच्या रूपकाने माझे मन फारसे कधी हलले नाही. आज मला सर्वांत जवळची वाटते ती मोडलेली भाकर. पण माझ्या आईला मरेपर्यंत 'फेडले' हाच शब्द पुरला. गरिबीत वाढलेल्या आणि सावकाराचा तगादा पाहिलेल्या बाईला आपल्या नावावर आता काही देणे नाही, याहून मोठी बातमी नव्हती. तिचे खोटे आणि माझे खरे, असे मी म्हणणार नाही. ज्याला ज्या बाजूने मार लागलेला असतो, त्या बाजूने तो त्या खांबाकडे पाहतो.

कसोटी एकच ठेवावी, असे इतका इतिहास वाचून मला वाटते. या मरणाकडे पाहून माझे बोट दुसऱ्याकडे वळत असेल, किंवा माझ्या तोंडून दुसऱ्याला 'सोस' असे निघत असेल, तर मी बळीच्या बाजूला उभी नाही. कान पिळणाऱ्याच्या बाजूला उभी आहे. बोट माझ्याकडे आणि हात दुसऱ्याच्या मदतीला असेल, तर शोक असो की आनंद, तो शुक्रवार शुभच आहे.